ख्रिस्ती माणसाची दारू प्रार्थनेनं सुटते का? हे पाप आहे की आजार?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या यजमानांनी दोनदा दारू सोडली आणि दोन्ही वेळा पुन्हा धरली. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात विश्वास कमी पडतो. तर हे पाप समजायचं की आजार, आणि प्रार्थनेनं सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पाळक नाही, डॉक्टरही नाही. देवळी तालुक्यातला कास्तकार आहे. सोळा वर्षं प्यालो, अकरा वर्षं झाली बंद आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे सांगितलं की बाहेरचे लोक हसतात. शिवारात नाल्याकाठी मोहाचा सडवा असतोच. नाहीतर वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथं दुकान उघडं. कापसाचे पैसे हातात आले की माझा पहिला पव्वा पुलापलीकडेच व्हायचा. म्हणून "मिळतेच कशी" यात डोकं घालू नका, पिणाऱ्याला ती मिळते.

पहिल्यांदा मी सोडली ती उपास-प्रार्थनेत. शुक्रवारपासून नुसत्या पाण्यावर. शनिवारी सकाळी हात असे कापायला लागले की गिलास दोन्ही हातांनी धरला तरी पाणी सदऱ्यावर सांडायचं. रविवारी रात्री भिंतीवर मुंगळे दिसू लागले. एकदोन नाही, अख्खी रांग, आढ्यावरून माझ्या गादीकडे येणारी. मी चादर झटकत होतो आणि भोवतीचे लोक मोठमोठ्यानं अशुद्ध आत्म्याला धमकावत होते. त्यांची माया खोटी नव्हती, रात्रभर बसले बिचारे. माझा मेव्हणा आला (तो ख्रिस्ती नाही, हे मुद्दाम सांगतो). त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भूतगीत काई नाई हे. गाडी बलवा, याले दवाखान्यात न्या लागते."

डॉक्टरांनी बायकोला समजावलं ते असं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोनतीन दिवसांनी भ्रम होतो, त्यात माणूस दगावतोही. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व आधीच कमी असतं, त्यात आम्ही वर उपास घातलेला. गोळ्या-इंजेक्शनांनी मी चार दिवसांत माणसात आलो. तेव्हा यजमान रोज पीत असतील तर घरच्या घरी, उपाशी ठेवून सोडवू नका. आधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. प्रार्थना तिथल्या बाकड्यावर बसूनही करता येते, माझ्या बायकोनं केली.

मग पाप नाही का? आहे ना. हात कापत होते तो आजार. पण बायकोच्या डोरल्यातले सोन्याचे मणी विकून "तूच कुठंतरी हरवले" म्हणून तिच्यावर ओरडलो, त्याला मी आजार म्हणत नाही. त्याची माफी देवाकडे मागितली आणि तिच्याकडेही मागावी लागली. दुसरी जास्त जड गेली.

विश्वास कमी म्हणणाऱ्यांना बायबलातल्या रोमकरांस पत्राचा ७वा अध्याय वाचायला द्या. जे करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच होतं, असं तिथं पौल म्हणतो. आणि तो तर प्रेषित होता.

दुसऱ्यांदा सोडली तेव्हा ४० दिवस झाल्याबरोबर मला उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं मला कसं सोडवलं ते सगळ्यांपुढं सांगायला, उभं केलं. टाळ्या झाल्या. पोळ्याच्या करीला मी प्यालो. आता कोणाला सांगणार? व्यासपीठावरून 'सुटलो' म्हणालो होतो ना! पाच महिने वास लपवत रविवारी पहिल्या बाकावर बसलो. वास लपवायला खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, धरला. नव्या माणसाला एवढ्या लवकर साक्ष द्यायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्यांदा काय वेगळं झालं? योहानाच्या ११व्या अध्यायात येशू मेलेल्या लाजराला हाक मारतो आणि तो कबरेतून बाहेर येतो, पण हातपाय पट्ट्यांनी बांधलेलेच असतात. त्या पट्ट्या येशू स्वतः सोडत नाही, भोवतीच्या लोकांना सांगतो, याला मोकळं करा. आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या मामांनी हे वचन मनावर घेतलं असावं. माझी प्यायची वेळ संध्याकाळी सातची. मामा रोज पावणेसातला ओट्यावर येऊन बसायचे. उपदेश एक शब्द नाही. चहा, सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी, आणि साडेआठला काठी टेकत घरी. जवळजवळ वर्षभर. कापसाचे पैसे बायकोच्या खात्यात जायला लागले तेही त्यांनीच माझ्याकडून कबूल करवून घेतलं.

शहरात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, बैठक असते, तिथंही मी जायचो. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी ती सुरू केली. दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जाणारे. आपल्या चुका दुसऱ्यापुढं कबूल करायच्या, हे तिथूनच आलं. याकोबाच्या पत्रातही आहे, ५व्या अध्यायात. पण दार सगळ्या धर्मांना उघडं. 'काल प्यालो' असं तिथं सांगता येतं आणि पुढच्या आठवड्यात खुर्ची तशीच असते. आमच्या चर्चमध्ये तेव्हा हे शक्य नव्हतं.

आणखी एक, ताई. जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरीच्या नादी लागू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि वरून यजमान दारू प्यायले, तर बीपी एकदम पडून जिवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टर पिणाऱ्याला सांगूनच देतात. तुमच्या मंडळीत प्रभुभोजनाला खरा द्राक्षारस असेल तर पाळकांशी आधी बोला. आमच्याकडे मनुका भिजवून रस काढतात. आणि यजमान हात उचलत असतील तर क्षमा माहेरी राहूनही करता येते. व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे दोन्ही सरकारी नंबर फुकट आहेत, स्वतःसाठीही लावा.

खर्रा मात्र माझा अजून सुटला नाही. धाकटी पोरगी रोज संध्याकाळी खिशातल्या पन्न्या मोजते. काल तीन निघाल्या, परवा पाच होत्या.