रस्त्यातलं प्लास्टिक: सिव्हिल घेऊ की पॉलिमर?

प्रश्न: मी अमळनेरची, बारावी सायन्सला आहे. वडील जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीनवर आहेत. प्लास्टिक वापरून डांबरी रस्ते टिकाऊ करतात, त्यात मला काम करायचंय. सिव्हिल घेऊ की प्लास्टिक टेक्नॉलॉजी? वडील म्हणतात, सिव्हिल घे, सरकारी नोकरी लागेल.

उत्तर: वडिलांचं म्हणणं रास्त आहे. बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) व्हायचं तर सिव्हिलच लागतं; प्लास्टिकच्या पदवीवर तो अर्ज भरता येत नाही. हे आधीच कळलेलं बरं.

आता काम कसं चालतं ते बघ. मदुराईच्या प्रा. आर. वासुदेवन यांच्या पद्धतीत साधारण १६०-१७० अंशांना तापलेल्या खडीवर बारीक कापलेलं प्लास्टिक टाकतात. ते वितळून खडीवर पातळ थर बसतो, डांबर घट्ट धरतं, पाणी सहजी आत शिरत नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसऱ्या पद्धतीत एसबीएससारखं रबरी पॉलिमर थेट डांबरात मिसळतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, रस्ता त्याहून तापतो; मग साधं डांबर मऊ पडतं आणि केळीच्या ट्रकांखाली चाकोऱ्या उमटतात. असं पॉलिमर घातलेलं डांबर तिथे तग धरतं. मात्र कुठलंही प्लास्टिक चालत नाही. चटईतलं पॉलिप्रॉपिलिन चालतं, पाइपातलं पीव्हीसी अजिबात नाही. ते तापलं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो.

आणि खानदेशातले बरेच रस्ते खराब होतात ते खालच्या मातीमुळे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. वरच्या थरात कितीही प्लास्टिक घाल, मातीवर उपाय केला नाही की भेगा पडणारच. ते काम सिव्हिलवाल्यांचं.

तुझ्या मूळ पत्रात अर्धं पान चटईसाठी लागणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यावर आहे: रिप्रोसेसचा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला दाणा वापरला की चटईची पट्टी का तुटते, रंग का उतरतो. रस्त्यावर जेमतेम दोन ओळी. म्हणून माझं मत प्लास्टिक टेक्नॉलॉजीकडे झुकतं. रस्त्याचं काम त्यातूनही करता येतं, शिवाय पाइप, ठिबक, पॅकेजिंग हे उद्योग जळगावातच आहेत. सरकारी नोकरीच हवी असेल तर मात्र सिव्हिल घे आणि पुढे एम.टेक.ला वाहतूक अभियांत्रिकी कर; डांबरातलं पॉलिमर तिथेही शिकायला मिळतं.

सीईटी पीसीएम गटातूनच दे, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या राहतील. पसंतीक्रम भरण्याआधी एखाद्या पॉलिटेक्निकच्या रस्ते प्रयोगशाळेत जाऊन डांबराची मृदूकरण चाचणी, म्हणजे ते किती तापमानाला मऊ पडतं हे कसं मोजतात, ते बघ. वडिलांनाही सोबत ने.