बॉटनी सोडून कॉम्प्युटरला जाऊ का?

तू लिहिलंयस की बीएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, स्वस्तातलं सोनार (आवाजाने पाण्याखालचं टिपणारं मशीन) वापरून तलावातल्या पाणवनस्पतींचे नकाशे करतात हे कळल्यापासून तेच डोक्यात आहे, पण बाबा म्हणतात हे मशीनचं काम, मग कॉम्प्युटरलाच जा ना. माझं ऐकशील तर बॉटनी अजिबात सोडू नकोस.

मशीनचा भाग खरंच अवघड नाहीये. मासे शोधायचं साधं फिशफाइंडर बोटीखाली आवाज सोडतं, बहुतेक वेळा २०० किलोहर्ट्झचा, गोड्या पाण्यात तो सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, म्हणजे ३ मीटरवरच्या तळाचा इको (प्रतिध्वनी) ४ मिलिसेकंदांत परत. पाणवनस्पतींच्या देठा-पानांत हवेच्या पोकळ्या असतात ना, त्यामुळे त्या आवाज छान परतवतात आणि तळाच्या वर त्यांचा वेगळा इको उमटतो. तळाच्या खोलीतून शेंड्याची खोली वजा केली की झाडाची उंची आली. बोट हळू, समांतर रेषांत फिरवायची, मशीनमधे नोंदी साठवायची सोय असेल तर जीपीएससकट सगळा लॉग मेमरी कार्डवर येतो आणि नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधे होतो, तेही फुकट. हे तू काही महिन्यांत शिकशील.

पण स्क्रीनवर हायड्रिला काय आणि व्हॅलिस्नेरिया काय, या दोन पाणवनस्पती खात्रीने वेगळ्या सांगता येत नाहीत! एक काढायची असते, दुसरी जपायची असते, असं बऱ्याच तलावांत असतं. तिथे दोरीला बांधलेलं दाताळं टाकून झाड वर काढायचं आणि बघून ओळखायचं, याला पर्याय नाही. झाडी फार दाट असली तर मशीन शेंड्यांनाच तळ समजतं, हेही झाडं माहीत असलेल्यालाच पटकन खटकतं. आणि ही नजर यायला वर्षं लागतात गं.

बाबांची काळजी चुकीची नाही, कारण फक्त हेच काम असलेली नोकरी क्वचितच निघते. तलाव व्यवस्थापन, मत्स्यव्यवसाय, पाणीपुरवठा, पर्यावरण सल्लागार कंपन्या अशा ठिकाणी हे इतर कामांसोबत येतं, म्हणून एमएस्सीला जलपरिसंस्था किंवा पर्यावरणशास्त्र घे आणि सोबत जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं), स्टॅटिस्टिक्स, थोडं पायथन प्रोग्रामिंग शिकत रहा.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एकच छोटं तळं घे, झाडं भरात असताना एकदा आणि ओसरल्यावर एकदा असे दोन नकाशे कर, दाताळ्याच्या नोंदींसकट. मुलाखतीत तेच दाखव. आणि पोहता येत नसेल तर आधी ते शीक, लाइफ जॅकेटशिवाय बोटीत बसायचं नाही.