क्लासवाले माझ्या १२ हजार पगारातून दर महिन्याला १० टक्के कापतात, वर्षाचे दीड लाखही होत नाहीत, तरी इन्कम टॅक्सचा रिटर्न भरायचा का? आणि त्यासाठी सीए लागतो का?

भर. टॅक्स तुला लागणारच नाहीये, १२ हजार महिना म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार, आणि नव्या करपद्धतीत आर्थिक वर्ष २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ३ लाख अन २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. पण हातात १०,८०० च येतात ना? ते कापलेले १,२०० तुझ्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. वर्षाचे १४,४०० होतात, कशाला सोडायचे!

आता मेन गोष्ट. तू त्याला पगार म्हणतोयस पण पगार असता तर एवढ्याशा रकमेवर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) कापलाच नसता, सरळ १० टक्के कापतायत म्हणजे क्लासवाल्यांनी बहुतेक तुला फी दिल्याचं दाखवलंय. इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन करून २६एएस (तुझ्या पॅनवर किती टॅक्स जमा झाला ते दाखवणारा फॉर्म) उघड आणि सेक्शन बघ. मार्च २०२६ पर्यंतच्या कापणीसाठी १९२ असेल तर पगार, १९४जे असेल तर फी. फी असेल तर रिटर्नचा फॉर्म आयटीआर १ चालत नाही, ४ किंवा ३ लागतो. माझ्या मित्राने सोपा म्हणून १ भरला, मग सगळं परत रिवाइज करत बसला.

मी पण कॉलेजला असताना नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये दहावीच्या गणिताचे पेपर तपासायचो. माझ्या २६एएसमध्ये दोन तिमाह्यांचे पैसे दिसतच नव्हते. का, तर मी पॅन फोनवर सांगितला होता आणि तिथल्या अकाउंटवाल्या काकांनी एम च्या जागी एन लिहिला. तीन चकरा मारल्या, दरवेळी "हो रे, सर आले की करतो". शेवटी पॅनची झेरॉक्स घेऊन त्यांच्या टेबलासमोरच बसलो तेव्हा कुठे दुरुस्ती झाली. त्यामुळे आधी २६एएस जुळव, मगच रिटर्न.

भरून झाल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं, म्हणजे आधारच्या ओटीपीने वगैरे रिटर्न पक्का करायचा. उशीर केलास तर व्हेरिफाय केल्याची तारीखच भरल्याची तारीख धरतात, आणि केलंच नाहीस तर भरलेलं वाया. आधारला मोबाईल नंबर कोणाचा आहे बघून ठेव. माझ्या आधारला बाबांचा होता, आणि बाबा रबाळ्याला शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये, मी इकडे ओटीपीची वाट बघतोय 😅 रात्री ते घरी आल्यावर परत केलं. बँक अकाउंटपण साइटवर आधीच व्हॅलिडेट कर, पॅनवर आणि पासबुकवर नाव वेगवेगळं असेल तर तिथे अडकतं आणि मग रिफंड येत नाही.

सीए लागतो का विचारलंयस, तर १९२ असेल तर स्वतः कर, तासाभराचं काम आहे. १९४जे असेल तर पहिल्या वर्षी कोणा जाणकाराला शेजारी बसवून भर, मी आमच्या बिल्डिंगमधल्या आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची ट्रेनिंग) करणाऱ्या ताईला दोन वडापाव आणि चहावर पटवलं होतं.