बोर्नियोच्या जंगलात चिखलातून गाडी चालवणं कसं असतं? सह्याद्रीत थार चालवणाऱ्याला जमेल का?

जमेल की! फक्त तुम्ही ज्याला 'चालवणं' म्हणताय, ते तिथे दिवसातून थोडाच वेळ असतं. उरलेला वेळ फावडं मारण्यात, दोर ओढण्यात आणि नदीचं पाणी कधी उतरतंय याची वाट बघण्यात जातो.

मी नोकरीनिमित्त साबाहमध्ये राहतो. बोर्नियो बेटाचं उत्तर टोक, मलेशियातलं. इथल्या मित्रांसोबत हायलक्स पिकअप आणि जुन्या लँड क्रूझर घेऊन केनिंगाऊ, सापुलुतच्या बाजूला हिंडलोय. मोठा रस्ता आता बरा आहे. खरा चिखल लागतो तो लाकूडतोडीसाठी पाडलेल्या जुन्या वाटांवर.

सह्याद्रीत वर कितीही राड असली तरी खाली कातळ नाहीतर मुरूम असतो. चाक जरा रुतलं की त्याला काहीतरी लागतं. इथे वर पिवळी-तांबडी चिकणमाती आणि खालीही बऱ्याचदा तीच. टायरच्या खाचा शाडू थापल्यासारख्या भरून येतात, मग तुमचा महागडा मड-टेरेन टायर गुळगुळीत टायरसारखाच घसरतो. म्हणून आधी हवा 32 पीएसआयवरून 18-20 पर्यंत उतरवायची, लो रेंजला (वेग कमी, जोर जास्त) दुसरा गिअर टाकायचा आणि चाकं जरा झपाट्याने फिरती ठेवायची, म्हणजे खाचांतली माती उडून जाते. पुढे सरकणं थांबलं की मात्र ॲक्सिलरेटर सोडा. त्यानंतर दाबत बसणं म्हणजे स्वतःसाठी खड्डा खणणं. ओंडक्यांच्या ट्रकांनी पाडलेले चर तर इतके खोल असतात की मधला उंचवटा डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याला, टेकतो आणि चारही चाकं नुसती भिरभिरत राहतात.

अशा वेळी विंच, म्हणजे गाडीवर बसवलेलं दोर गुंडाळून ओढणारं यंत्र. गाडीपासून लांबचं, जिवंत आणि जाड झाड शोधायचं. जास्त दोर सोडला की ड्रमवरचे थर कमी होतात आणि ओढ वाढते. झाडाला रुंद पट्टा बांधायचा, नाहीतर साल सोलून निघते. तेवढ्याने भागलं नाही तर झाडाला पुली लावून दोर परत आपल्याच गाडीला आणायचा: ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. ताणलेल्या दोरावर ओलं घोंगडं टाकायचं, म्हणजे तुटलाच तर उसळत नाही. खुणा एकानेच करायच्या, बाकीच्यांनी दोराच्या लांबीपलीकडे उभं राहायचं. आणि दोर कधीही टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, अडकवू नका. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो, माणसं गेलीत त्याने.

पट्टा बांधताना पानांवरच्या पट्टेरी जळवा बाहीत शिरतात. आपल्या आंबोलीतली जळू चावलेली कळतही नाही, ही मात्र चांगली झोंबते.

हे काही आजचं वेड नाही. कॅमल ट्रॉफी ही फोर-बाय-फोर गाड्यांची प्रसिद्ध मोहीम 1985 मध्ये बोर्नियोत आली होती, 1993 मध्ये पुन्हा साबाहला आली. त्या वेळी स्पर्धकांनी मालियाऊ खोऱ्यात संशोधकांसाठी तळ बांधला. तो कॅमल ट्रॉफी कॅम्प नावाने अजून आहे, मात्र तिथे चालत जावं लागतं. ते योग्यच आहे असं मला वाटतं. राखीव जंगलात चाकांनी नवी वाट पाडण्यात कसलं आलंय शौर्य?

नदी ओलांडताना फक्त स्नॉर्केलवर (इंजिनाला वरून हवा देणाऱ्या नळीवर) विसंबू नका. वर डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. गढूळ आणि जोराचं दिसलं तर मुकाट्याने चूल मांडायची. पायी उतरून खोली बघायची आपली सवय वरच्या ओढ्यांत ठीक आहे. सखल भागातल्या मोठ्या नद्यांत मगरी आहेत, तिथे स्थानिक माणूस सांगेल तसंच करा.

पाऊस बाराही महिने असतो, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळलेलं बरं. एकट्या गाडीने तर जाऊच नका. कमीत कमी तीन गाड्या, त्यातल्या दोघींना विंच. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते, तेव्हा इथल्या फोर-बाय-फोर क्लबवाल्यांना धरा. ते परवानग्यांचंही बघतात. परतल्यावर पहिलं काम डिफरन्शियलचं ऑइल तपासायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदलून टाका.