पिवळा साका येत नसेल तर आधी आम्ल बघ
अरे, सॉल्ट ॲनालिसिसमध्ये दुसऱ्या ग्रुपच्या टेस्टला, म्हणजे आम्लातल्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड गॅस सोडल्यावर, कॅडमियम सल्फाइडचा पिवळा साका (खाली बसणारा गाळ) आला नाही म्हणून लगेच कॅडमियम नाहीच असं लिहून मोकळा होऊ नकोस, बऱ्याचदा आम्लच जास्त झालेलं असतं. आम्ल वाढलं की सल्फाइड आयन कमी पडतात, मग कॉपर सल्फाइड काळं खाली बसतं पण कॅडमियम वर द्रावणातच राहतं. मी असाच एक सॉल्ट चुकवलाय म्हणून सांगतो, डिस्टिल्ड वॉटर घाल, हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ०.३ मोलर राहू दे आणि परत गॅस सोड, टेस्टट्यूबमध्ये पिवळं उतरताना दिसेल. नुसतं दुधासारखं पांढरट झालं तर तो गंधक, म्हणजे द्रावणात नायट्रिक आम्ल शिल्लक राहिलंय आणि त्यानं गॅसचं गंधक केलंय. आणि हे फ्यूम हूडमध्येच (गॅस बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) कर हां, सडक्या अंड्यांचा वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही, १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं.