छत्री घेऊन आलेले, पण उडी न मारलेले सैनिक

प्रश्न : १९६१ साली पॅराशूटने सैनिक उतरवून पोर्तुगीजांकडून पणजी घेतली, असे आजोबा सांगत. हे खरे का? समुद्रातूनही सैन्य उतरले होते का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आजोबांच्या सांगण्यात निम्मे सत्य आहे. ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड गोव्यात आली ती जमिनीवरून, दोडामार्गाच्या बाजूने. आकाशातून कोणीही उडी मारली नाही. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी या ब्रिगेडचे जवान पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडच्या काठावरील बेतीला पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होड्यांतून मांडवी ओलांडून पणजीत शिरले. शहरात शिरताना त्यांनी पोलादी शिरस्त्राणे काढून पॅराशूट सैनिकांची ओळख असलेल्या लाल टोप्या घातल्या होत्या. बहुधा त्या टोप्यांवरूनच ही आठवण रुजली असावी.

समुद्रातून मात्र सैनिक खरोखरच उतरले, ते कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर. ‘त्रिशूल’ युद्धनौकेवरून गेलेल्या नौसैनिकांवर, बेटावर पांढरे निशाण दिसल्यानंतर, अचानक गोळीबार झाला, असे नौदलाचा वृत्तान्त सांगतो. तेथे सात नौसैनिक धारातीर्थी पडले. उघड्या किनाऱ्यावर होडीतून पाय टाकण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो, कारण आडोसा नसतो आणि परतीची वाटही पाण्यातूनच असते.

आकाशमार्गाने सैन्य नेण्याची वेळ याच सगत सिंग यांच्यावर पुढे आली : डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धात, त्यांनी हेलिकॉप्टरमधून सैन्य तिथल्या मेघना नदीपार नेले.