डावा हात

सई,

परवा भांडी पुसताना तू मधेच विचारलंस, "बाबा, माझा लेफ्ट हात घाण आहे का?" आणि मी "छे गं, काहीतरीच" म्हणून विषय बदलला. ते काही बरं केलं नाही मी. म्हणून लिहितोय, अडलं तर आईकडून वाचून घे.

ओमदादाच्या मुंजीची पंगत डोक्यात असणार तुझ्या. वाईचा मे महिना, सगळे घामाघूम, तू पुरी डाव्या हातानं आमरसात बुडवलीस आणि वाढायला आलेल्या आत्याआजी म्हणाल्या, "अगं बाई, उजव्या हातानं!" त्यांचा आवाज मुळातच मोठा, अख्खी रांग वळून बघायला लागली. तू चमचा मागितलास, पुऱ्या तशाच राहिल्या, मग पानात टाकलं म्हणून वेगळं ऐकून घ्यावं लागलं. मी शेजारच्याच पानावर मठ्ठा पीत होतो. काही बोललो नाही.

आणि मी पण डावखुराच आहे गं, म्हणजे होतो. माझी आजी (माईआजीची सासू) जेवताना माझ्या डाव्या हातात लिंबाची फोड द्यायची, भात संपेपर्यंत सोडायची नाही म्हणायची. मला तो खेळ वाटायचा. हळूहळू उजवा हात जेवायला शिकला, मग लिहायलाही, अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे ते तू बघतेसच. बॅट मात्र डावीच राहिली आणि त्याला कुणी काही म्हणायचं नाही, उलट १९९३ मध्ये विनोद कांबळीनं लागोपाठच्या दोन टेस्टमध्ये डबल सेंच्युरी मारल्या तेव्हा हीच आजी शेजारी सांगत होती, आमचा पण डावखुराच आहे हो!

आता घाणीचं. आपल्याकडे जेवणारा हात उष्टा होतो, त्यामुळे तांब्या उचलायचा, भाजी वाढून घ्यायची तर दुसरा हात स्वच्छ लागतो. एवढं मला पटतं, खरंच. पंगतीत मांडीला मांडी लावून बसतात, त्यात एकच जण डावा असला की कोपराला कोपर लागतं. पानसुद्धा तसंच वाढतात, मीठ लिंबू चटणी कोशिंबीर डावीकडे, भाजी आमटी उजवीकडे. पण मग डावखुऱ्यानं डाव्यानं जेवावं आणि उजवा स्वच्छ ठेवावा, हिशोब तोच झाला ना? ते चालत नाही. प्रसाद डाव्या हातात घेतलेला चालत नाही, पैसे डाव्या हातानं दिलेले चालत नाहीत. सकाळी संडासात डावा हात वापरायचा म्हणून असणार, आणि तुला कुणी ते सरळ सांगितलं नाही म्हणून तू 'घाण' हा शब्द स्वतःच शोधून काढलास. डावं-उजवं करणं म्हणजे भेदभाव करणं, बघ, भाषेतच बसलंय.

इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आलो तेव्हा ऑफिसच्या पहिल्या ख्रिसमस डिनरला मी काट्या-चमच्यांकडे बघून घाबरलो होतो. मग लक्षात आलं की सुरी उजव्या हातात, काटा डाव्यात, म्हणजे घास डाव्या हातानंच तोंडात जातो, आणि तेच इथे मॅनर्स! आजी असती तर सगळ्या टेबलाला एकेक लिंबाची फोड दिली असती.

तरी तुला एक सांगू का, वरणभात मला अजून उजव्या हातानंच गोड लागतो. हे तुझ्यावर ढकलत नाहीये. तू डाव्या हातानं कालव, फक्त चमच्यानं नको खाऊस एवढंच म्हणणं आहे, आणि तेही नाही पटलं तर राहू दे.

रविवारी माईआजीला फोनवर हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती आत्याआजींचीच बाजू घेणार. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अरे मग पोरीला रांगेच्या डाव्या टोकाला बसवायचं ना, कोपर कुणाला लागलं असतं?"

त्या दिवशी तिला हे का नाही सुचलं, असं विचारणार होतो. पण तिथे जागा धरून तुला मधे बसवलं होतं ते मीच.

बाबा